दौलू नकलाकाराबद्दल मी दिलेली साक्ष

सांगली,
कार्तिक वद्य दशमी

प्रिय दौलू,

मायना कोणता घालावा इथेच पाऊण तास गेला. तीर्थरूप म्हणावं तर तू माझ्याहून चार महिन्यांनी लहान. चिरंजीव लिहायची सोय तू ठेवली नाहीस. तेव्हा नुसतंच प्रिय. तेही तुझ्या हयातीत कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे लिहिताना परक्याचा सदरा घातल्यासारखं वाटतंय.

तुला जाऊन तीन महिने झाले. आज लिहायचं कारण काल दारात आलं होतं. सगुणावहिनी एकट्या आष्ट्याहून सकाळच्या मोटारीने आल्या. लढाई सरली तरी पेट्रोल नाही, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायच्या. वहिनींच्या हाताला काजळी होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो बाजूला सरकवला.

"भावजी, जत्रा आठ दिसांवर आलीया. ह्यांचं नाव घ्यायचं न्हाई म्हणत्यात."

तुला आठवत असेल. आपल्या गावच्या जत्रेत ढोलकीवर पहिली थाप पडण्याआधी पाटील उभे राहून गेलेल्या कलावंतांची नावं घेतात. शाहीर, ढोलकीवाले, सोंगाडे. एकेका नावाला सगळा गाव छातीला हात लावतो. आपण नऊ-दहा वर्षांचे असताना ती यादी ऐकून तू म्हणाला होतास, "नाव झ्याक घेत्यात रं. फकस्त त्यापायी मरायला लागतंय, एवढीच अडचण हाय."

ती अडचण तू दूर केलीस. आणि आता नाव घेत नाहीत.

दौलू, मला काय करावं कळत नाही. वर्गात मुलांना मी रोज सांगतो की कळत नसेल तर मुळापासून सुरुवात करा. म्हणून मुळापासून लिहितो.

चौथीनंतर मला वाईला पाठशाळेत धाडलं आणि तुला फडात. मी बारा वर्षं दुसऱ्यांचे श्लोक पाठ केले, तू सहा वर्षं नाचीच्या मागे उभा राहून लोकांना हसवलंस. सुट्टीत भेटलो की आपण एकमेकांची विद्या तपासायचो. शास्त्रात रसांच्या यादीत हास्य दुसरा आहे, असं मी तुला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तू विचारलंस, "मग पैला कोन?" मी म्हटलं, शृंगार. "बघ, तुझ्या शास्त्रात बी आमी नाचीच्या मागंच हुबं," म्हणालास. संस्कृत नाटकातला विदूषक ब्राह्मण असतो हे कळल्यावर तर तू आठ दिवस माझ्याकडे बघून मान हलवत होतास. "मग आपली अदलाबदल कुटं झाली रं, शास्त्री?"

त्याचं उत्तर मला पुढे कचेरीत मिळालं.

फड सोडून तू एकटा उभा राहायला लागलास तेव्हा सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं, मीही. ढोलकी नाही, नाच नाही, तुणतुणं नाही. एक माणूस, खांद्यावर एक घोंगडी. कोण बघणार? आणि आष्ट्याच्या बाजारात भरदुपारी, मिरच्यांच्या ढिगाशेजारी तू पहिल्यांदा उभा राहिलास. घोंगडी डोक्यावर घेतलीस की भाव करणारी म्हातारी, काखेत दाबलीस की तलाठी, कंबरेला गुंडाळलीस की पलटणीतून सुट्टीवर आलेला हवालदार. तो हवालदार घरात पाऊल टाकताच आईला हुकूम सोडायचा, "ए म्हातारे, हम छुट्टी पे आया हाय, चाय लाव, जल्दी!" आणि आईची काठी दिसली की, "न्हाई गं आये, इसरलो, इसरलो." घरटी एक माणूस पलटणीत असलेली गावं ती. बायका डोळे पुसत हसायच्या. तीन वर्षांत म्हसवडच्या रथापासून इकडच्या जत्रांपर्यंत तुझ्या नावाने सुपाऱ्या फुटायला लागल्या. पाटलाने हातावर सुपारी ठेवली की जत्रेचं बोलावणं पक्कं. तुझ्या कोनाड्यात सुपाऱ्यांचा ढीग असायचा. वहिनी म्हणायच्या, एवढ्या कातरायला एक सून आणायला लागेल.

आणि तुझा तो नियम. गैरहजर माणसाची नक्कल करायची नाही. "पाठीमागं केली की ती चुगली हुते, शास्त्री. म्होरं बसवून केली की खेळ." ज्याची नक्कल, त्याला तू आधी जाऊन राम राम करायचास, "आवं, उद्या तुमची पाळी हाय," असं सांगून यायचास. तो पुढच्या रांगेत बसायचा, आणि नक्कल संपली की उठून तुझ्या हातात विडा द्यायचा. विडा दिला म्हणजे राग नाही. हे कुठल्या पोथीत नव्हतं, तू घातलेली रीत होती. पाच तालुक्यांनी पाळली.

फौजदाराने तरी कुठे मोडली? बेचाळीसच्या पुढचा उन्हाळा. भूमिगत पोरांच्या शोधात पोलीस रानोमाळ हिंडत होते. तू ठाण्यावर जाऊन रीतसर सांगून आलास. तो आला, खुर्चीत बसला. तू कोंबड्यांच्या खुराड्यात डोकं घालून झडती घेतलीस, म्हशीला दरडावून तिचं नाव-गाव विचारलंस, ती हंबरली तशी "उडवाउडवीची उत्तरं देते" असं लिहून घेतलंस. तो पोट धरून हसला. विडा दिला. तिसऱ्या दिवशी लोकांना चिथावतोस म्हणून तुला, आणि भूमिगत म्हणून गावातल्या तीन पोरांना, एकाच दोरीने बांधून नेलं.

आता कचेरी, म्हणजे तुझा खटला.

वकिलाने मला बोलावलं. म्हणाला, सांगलीचे शास्त्री आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. आरोपी डोक्याने अधू आहे एवढंच सांगा, सुटेल. मी कबूल झालो. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं नाही.

शपथ घेतली. मॅजिस्ट्रेट साहेबाने विचारलं, हा मनुष्य समजून-उमजून बोलतो का? मी म्हटलं, "नाही. लहानपणापासून अर्धवट आहे." तू पिंजऱ्यातून माझ्याकडे बघितलंस. तिथे थांबलो असतो तरी पुरलं असतं, दौलू. पण साहेब म्हणाला, मग एवढे लोक याचं बोलणं ऐकायला का जमतात? आणि मी उत्तर दिलं, "लोक याच्या बोलण्याला हसत नाहीत, साहेब. याला हसतात."

कचेरीत हशा पिकला. तुझा चेहरा मी पाहिला. फार तर एक क्षण. मग तुझा जबडा सैल झाला, एक खांदा खाली आला, डोळे छताला लागले आणि ओठातून लाळ आली. साहेबाने नाव विचारलं तर तू त्याच्या पंख्याकडे बोट दाखवून हसलास. शिपाई हसले, कारकून हसला, साहेबही हसला. सुटायची तुला हौस नव्हती. तू ते सोंग घेतलंस, कारण नाहीतर माझी शपथ खोटी ठरून मीच आत गेलो असतो. हे मला कचेरीच्या पायऱ्या उतरताना कळलं. मोठा विद्वान ना मी, पायऱ्यांपर्यंत वेळ लागला.

ती तीन पोरं तुरुंगात गेली. तू घरी आलास.

वाटेत मैलभर गेल्यावर तू एकच विचारलंस, "शास्त्री, साक्ष बरी दिलीस. फकस्त त्ये शेवटलं वाक्य वकिलानं सांगितल्यालं, का तुझं?"

मी म्हटलं, वकिलाचं.

माझं होतं, दौलू. त्याच घटकेला सुचलं आणि सुचल्याचा आनंदही झाला. माझ्या वाक्याला आयुष्यात प्रथमच लोक हसले होते. तुझ्यापाशी आता कसली लाज ठेवू?

पुढचं तू भोगलंस, मी सांगलीत बसून ऐकलं. चौघांना नेलं, तिघं आत, एकटा बाहेर. कचेरीत गावातल्या कुणाला शिरू दिलं नव्हतं. ह्यो कसा सुटला? कुणी तोंडावर विचारलं नाही, नाहीतर तू सांगितलं तरी असतंस. का तेव्हाही माझ्यापायी गप्प राहिला असतास? त्या मोसमात एकही सुपारी आली नाही. ज्याने उभ्या जन्मात पाठीमागे नक्कल केली नाही, त्याला गावाने चुगलखोर ठरवलं.

तू दोनदा सांगलीला आलास. "शास्त्री, मला काय नको गड्या. एकडाव गावात येऊन सांग, तू काय बोलला हुतास त्ये." मी काय म्हटलं? दिवस निवळू देत. शाळेची नोकरी आहे. खोट्या शपथेला शिक्षा आहे. थोरलीचं लग्न ठरतंय. सगळं खरं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. दुसऱ्या वेळी जाताना तू हसलास, "व्हय, तुझं बी खरं हाय." तू भांडला का नाहीस रे? चार शिव्या घातल्या असत्यास तर माझी भीड मोडली असती.

मग यंदाच्या आषाढातला तो बाजार. कुणाची सुपारी नव्हती. मी आष्ट्याला जमिनीच्या कागदाला आलो होतो आणि तू मिरच्यांच्या शेजारी उभा होतास. म्हातारी केलीस, लोकांनी पाठी फिरवल्या. हवालदार केलास. कुणी दगड मारला नाही, कुणी हुसकलं नाही. भाव चालू, मापं चालू, आणि मध्ये तू. मी बांगडीवाल्याच्या पालाआड उभा राहिलो.

आणि तू मला पाहिलंस.

घोंगडी उपरण्यासारखी खांद्यावर टाकलीस, दोन बोटांत तपकिरीची चिमूट धरलीस, घसा तीनदा खाकरलास. पोटऱ्या ताणून टाचांवर उभा राहिलास. मी असा उभा राहतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तू माझी नक्कल करत होतास. हजर माणसाचीच करायची, आणि नक्कल झाली की त्याने पुढे यायचं. सगळ्या बाजारात ती हाक फक्त मला कळत होती. मी पुढे येऊन नुसता विडा हातात दिला असता, तर लोकांनी विचारलं असतं, शास्त्री का आला? आणि मला बोलावं लागलं असतं.

मी आलो नाही. तू शेवटपर्यंत केलीस, हात पुढे करून थोडा वेळ थांबलास आणि घोंगडीची घडी घातलीस.

श्रावणात मुदतीचा ताप. मला कार्ड मिळालं तेव्हा तुला जाऊन तिसरा दिवस होता. तिरडीला चौथा खांदा मिळेना म्हणून वहिनींचा भाऊ येईपर्यंत थांबवलं होतं, हे वहिनींनी काल सांगितलं.

काल मी त्यांना एक गोष्ट कबूल केली. तू गेल्यावर मी पाटलांना पत्र लिहिलं होतं, दोन पानांचं. तुझे गुण, कलेचं महत्त्व, गैरसमजांविषयी चार शब्द. वहिनी म्हणाल्या, "ठावं हाय. पाटलांनी दोनदा वाचून घेटलं. मग म्हणालं, ह्यात दौल्यानं चुगली केली न्हाई आसं कुटं लिवलंय?"

नव्हतं लिहिलेलं. दोन पानं भरली आणि तेवढंच नेमकं राहिलं. दुसरा कुणी असता तर मी त्याला शाबासकी दिली असती, इतकं ते कौशल्याचं काम होतं.

"आनि म्हणालं, ज्यानं कचेरीत हुबं राहून सोडवला, त्यानं आष्ट्याच्या बाजारात हुबं राहून सांगावं, कसा सोडवला. मग घेतो नाव."

"आणि वहिनी, त्यांनी विश्वास ठेवला नाही तर?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "भावजी, त्ये दोन वर्सं हुबं ऱ्हायलं. तुमी येक दिस बघा की."

त्या परतीच्या मोटारीने गेल्या. पाणी प्यायल्या नाहीत.

दौलू, उद्या आष्ट्याचा बाजार. शाळेत राजीनाम्याची चिठ्ठी देऊन ठेवली आहे. हेडमास्तरांनी कारण विचारलं, मी म्हटलं परवा कळेल. घरात सांगितलंय की कदाचित दोन-चार महिने घरी नसेन. हिने विचारलं, पांघरूण कोणतं देऊ? यापेक्षा जास्त काही विचारलं नाही, याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? तुरुंगाची वाटते, त्या तीन पोरांच्या आयांची त्याहून जास्त. आणि सगळ्यांत जास्त याची, की मी सगळं सांगेन आणि ते म्हणतील, हा दौल्याचा मित्र, बोलणारच. इतक्या उशिरा बोललेलं खरं लोकांनी खरं का मानावं?

तरी वचन देतो. वचनांच्या बाबतीत माझी पत काय आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही, पण हे घे. उद्या मिरच्यांच्या शेजारी उभा राहून मी पहिलं वाक्य बोलेन : मी कचेरीत शपथेवर खोटं बोललो, दौलू शहाणा होता आणि तुम्ही त्याच्या बोलण्याला हसत होता. दुसरं वाक्य रात्रभर विचार करूनही सुचणार नाही, मला माहीत आहे. नाही सुचलं तर पहिलंच पुन्हा म्हणेन. बाजार उठेपर्यंत म्हणत राहीन.

तुझा, दोन वर्षं उशिरा आलेला साक्षीदार,
वामन