शेवटची दोन मिनिटं

सोमवार, ४ मार्च
नव्या नोकरीचा तिसरा आठवडा. डबा आजही तळघराच्या जिन्यात बसून खाल्ला. एकट्याने. मला एकांत मानवतो. बायको म्हणते मानवत नाही, तुझं वजन उतरलंय. वजन उतरण्यासाठी लोक पैसे मोजतात.
जेवताना खालून अचानक ड्रम वाजला. घाबरलो नाही. डब्याचं झाकण हातातून सुटलं, कारण हाताला तेल होतं. झाकण आणायला खाली गेलो, तर तळघरातल्या रिकाम्या खोलीत आमच्याच ऑफिसातले तिघे. सर्व्हर सांभाळणारा (उलट्या बादलीवर काठ्या आपटत होता, त्याला सगळे ड्रमवाला म्हणतात), खांब (सहा फूट तीन इंच, प्रोग्रॅमर) आणि टेस्टरबाई. टेस्टरबाई गिटार वाजवते आणि इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून पगार घेते. हिच्यापासून जपून राहायला हवं.
भिंतीवर बास्केटबॉलच्या लीगचं टाइमटेबल. मी न राहवून म्हणालो, की यात गेल्या मंगळवारचा निकाल चुकीचा लिहिलाय. तिघे वळून बघायला लागले. वाटलं, संपलं. टेस्टरबाई उठली, टाइमटेबल बघितलं आणि म्हणाली, अरे खरंच की. मग खांबाला म्हणाली, तू लिहिलंस ना, लांबी वाढली तेवढी अक्कल वाढली असती तर. मला म्हणाली, बस.
बसलो.

मंगळवार, ५ मार्च
त्यांनी विचारलं, तू खेळला आहेस का. म्हणालो, कॉलेजच्या टीममध्ये होतो. हे खरं आहे. बॉलमध्ये हवा भरायचा पंप माझ्याकडे असायचा.
मग विचारलं, काही वाजवतोस का. म्हणालो, बेस गिटार. हेही खरं. नऊ वर्षांपूर्वी घेतली. आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून स्पीकरला कधी जोडली नाही. शेजारी दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेले, पण सवय एकदम मोडू नये.
तिघांना फारच आनंद झाला. बेसवाला त्यांना वर्षभर मिळत नव्हता. परवा घेऊन ये म्हणाले. छातीत धडधडतंय. आनंदाने असावं.

गुरुवार, ७ मार्च
पहिली प्रॅक्टिस. गिटारच्या केबलचं एक टोक गिटारला लावलं. दुसरं स्पीकरच्या मागे सोडून दिलं. डोकं हलवत बोटं फिरवली. कानात कापूस होता. कुणाला काही कळलं नाही. बेस हे वाद्यच असं आहे, चांगला वाजला की ऐकू येत नाही.
नंतर चौघांनी मिळून डबे खाल्ले. ड्रमवाल्याने माझा प्रोग्रॅम कौतुकाने वाचून दाखवला. आमची कंपनी रांगेतल्या टोकनची मशिनं बनवते. नंबर पुकारला आणि दोन मिनिटांत माणूस आलाच नाही, तर मशीन गुपचूप एक नंबर मागे जातं, म्हणजे चुकलेल्याला आणखी एक संधी. हे मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं. खाली शेरा टाकलाय: माणुसकी. ड्रमवाला म्हणाला, तू भला माणूस आहेस.
पाच वर्षांत कुणी असं म्हणालं नव्हतं. (सासूबाई धरून.)

सोमवार, ११ मार्च
कालची मॅच. तिघांना सगळी तोंडपाठ. शेवटच्या दोन मिनिटांत काय झालं त्यावर अर्धा तास. मी मधून मधून म्हणालो, काय सांगावं!
वीस वर्षं बास्केटबॉल बघतोय. शेवटची दोन मिनिटं एकदाही बघितली नाहीत. बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहतो. ही भीती नाही, ही माझी पद्धत आहे. निकाल नंतर वाचला की डोक्यात शांतपणे बसतो.
निश्चय: पुढच्या रविवारी पूर्ण बघणार.

बुधवार, १३ मार्च. सकाळी ११.२०
वाईट बातमी. खालच्या मजल्यावरच्या विमा कंपनीला तळघरातली खोली फायली ठेवायला हवी आहे. इमारतीचा मॅनेजर म्हणतो, तुम्ही आपापसांत ठरवा. टेस्टरबाई त्यांच्या साहेबाला म्हणाली, पार्किंगमध्ये बास्केट आहे, हिंमत असेल तर या. तीन विरुद्ध तीन, एक राखीव. शनिवार, ३० तारीख. साहेब हो म्हणाला! मोठ्या माणसांना अशी आव्हानं स्वीकारायला लाज कशी वाटत नाही?
खोली गेली तर मी परत जिन्यात.
चौथा मी आहे. म्हणजे राखीव. राखीवला खेळावं लागत नाही. सहसा.

११.४५
ड्रमवाला म्हणाला, कॉलेजच्या टीमवाल्याला बाहेर कशाला बसवता, मी बसतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणालो, जुनी दुखापत आहे. कुठे, विचारलं. डावा गुडघा म्हणालो. लिहून ठेवतो: डावा.

शनिवार, १६ मार्च
सासूबाईंनी बरोबर ओळखलं. त्या तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाल्या. स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून आमच्याकडे आल्यात. मला घरात लंगडताना बघून म्हणाल्या, जावईबापू, काल उजवा होता.
सगळं सांगावं लागलं. बायको हसून हसून पलंगावरून खाली आली. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बॉल आणा.
अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि काठी रोखून शिकवायला लागल्या. बॉल आला की माझे डोळे आपोआप मिटतात. नैसर्गिक संरक्षण. सासूबाई म्हणाल्या, डोळे उघडा, बॉल काय पाहुणा आहे, झोपेचं सोंग घेतलं की परत जाईल?
वीस फेकले. बास्केटच्या जागी खिडकीची जाळी होती. तिला तीन लागले. खिडकीला सात.

मंगळवार, १९ मार्च
उपाय सापडला. रात्रभर विचार करून नव्हे, दाढी करताना सुचला, म्हणजे आतून आला. मी म्हणालो, स्कोअरबोर्ड मी बनवतो! ऑफिसात टोकनचा दोन काउंटरचा बोर्ड पडून आहे. डावा काउंटर आम्ही, उजवा विमावाले. एक बास्केट, एक गुण, एक बटण. आणि बोर्डवर बसणारा माणूस खेळू कसा शकेल? बोर्ड सोडून जाणं बेजबाबदारपणाचं होईल.
तिघांना फार आवडलं. खांब म्हणाला, याच्यासारखा टीमसाठी झटणारा बघितला नाही. थोडं वाईट वाटलं. मग गेलं.

शुक्रवार, २२ मार्च
बोर्ड तयार. घरी पाच मिनिटं सलग बटणं दाबून तपासला. प्रत्येक वेळी टिंग-टाँग, आणि बाईचा आवाज: क्रमांक बारा, काउंटर एकवर यावे. मजा आहे. टेस्टरबाई म्हणाली, माझ्याकडे दे, एकदा बघते. नको म्हणालो. माझी प्रत्येक गोष्ट तिच्या नजरेखालून जावी, एवढी वेळ अजून आलेली नाही.

रविवार, २४ मार्च
मॅच होती. शेवटची दोन मिनिटं बाथरूममध्ये. पण नळ सोडला नाही. प्रगती.

बुधवार, २७ मार्च
विमावाल्यांची मागणी: बरोबरी झाली तर दोन्ही टीमच्या राखीवांनी एकेक फ्री थ्रो टाकायचा. टेस्टरबाईने मान्य केलं. माझ्याकडे बघून डोळा मारला. तिला वाटतं, आपल्याकडे हुकमाचा पत्ता आहे.
बरोबरी व्हायची शक्यता मी मांडून बघितली. फारच कमी आली. पुन्हा मांडली. थोडी जास्त आली. मांडणं थांबवलं.

शनिवार, ३० मार्च. सकाळी ७.००
जेवण नको, चहा नको. हात गार. ही एकाग्रता आहे.
सासूबाई येणारच म्हणाल्या. खुर्चीसकट.

दुपारी ३.३०
जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझी बाजू नोंदली जाईल.
वीस मिनिटांची मॅच. खांबाला उंचीचा काही उपयोग नाही, बॉल त्याच्या पायांतूनच जातो. पण टेस्टरबाई वाघीण. टिंग-टाँग, टिंग-टाँग, दोन्ही बाजूंचे गुण भराभर. एक मिनिट कोरडं गेलं नाही. माझं बटणांवरचं काम निर्दोष. सासूबाई खुर्चीतून आरडाओरडा करत होत्या आणि औषधाच्या पाकिटावर रेघा मारत होत्या. तीस वर्षांची सवय.
दोन मिनिटं दहा सेकंद उरले असताना ड्रमवाल्याने बास्केट मारली. अठरा. पाठोपाठ विमावाल्यांनी एक. सतरा. आम्ही एकने पुढे!
तिथे मला बाथरूम नव्हतं. म्हणून डोळे मिटले. फक्त डोळे. बास्केट पडली की ओरडा होतोच, तेव्हा बटण दाबता आलं असतं. ओरडा झाला नाही. आपण पुढे आहोत, आपण पुढे आहोत, एवढंच मनात म्हणत होतो. शिट्टी वाजली. मी लगेच बोर्ड थांबवला. डोळे उघडले.
सतरा-सतरा.
सासूबाई काठी आपटत उभ्या राहिल्या, की अठरा-सतरा आहे, माझ्याकडे रेघा आहेत! विमावाल्यांचा साहेब म्हणाला, आजी, मशीन का खोटं बोलेल? मग सगळे माझ्याकडे वळले. टेस्टरबाई म्हणाली, तू सांग. तू म्हणशील ते.
मी म्हणालो, बोर्ड बरोबर आहे. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो.
सासूबाई खाली बसल्या. माझ्याकडे बघितलं नाही.
मग फ्री थ्रो. टेस्टरबाईने बॉल हातात दिला, म्हणाली, आता दाखव कॉलेजचा हात. पाय कापत होते. (डावा जास्त.) टाकला. रिंगपर्यंत गेलाच नाही. अर्ध्या वाटेवर उभ्या केलेल्या कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर बसला.
विमावाल्यांची राखीव म्हणजे त्यांच्या फायली सांभाळणाऱ्या बाई, रिटायरमेंटला आलेल्या. पर्स काखेत ठेवूनच आल्या. बादलीतलं पाणी ओतावं तसा खालून टाकला. गेला.
खोली गेली. खांब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, गुडघा ना रे? मी हो म्हणालो.

रविवार, ३१ मार्च. दुपारी
घरात कुणी बोलत नाही. जेवताना सासूबाईंनी मीठ मागितलं, तेही बायकोकडे. मीठ माझ्यासमोर होतं.
दुपारी प्रोग्रॅम उघडला. कुठे चूक आहे ते मला कालच कळलं होतं, पण खात्री करून घ्यावी. माणुसकीची ओळ जागच्या जागी. काढायची राहिली. दोन मिनिटं कोणी आलं नाही, बोर्ड गुपचूप एक मागे गेला. मुद्दाम बिनआवाजाचा ठेवला होता, माणसाला लाज वाटू नये म्हणून.
शिट्टी दहा सेकंद उशिरा झाली असती, तर विमावाल्यांचाही एक कमी झाला असता आणि आम्ही जिंकलो असतो. हेही नोंदवून ठेवतो.
ग्रुपवर मेसेज लिहिला: माझे डोळे मिटलेले होते. पुसला. पुन्हा लिहिला. पुसला. चार वेळा. बॅटरी संपली. चार्जर शोधला नाही.

सोमवार, १ एप्रिल. सकाळी ९.४०
आज सांगणार. डबा जिन्यात खाईन, पण सांगणार.

दुपारी २.००
सांगितलं. पार्किंगमध्ये, तिघांसमोर. डोळे मिटले होते, बोर्ड माझ्यामुळे चुकला, सासूबाई बरोबर होत्या. एका दमात. मग पंपाचंही सांगितलं, कारण दम उरला होता.
मग खांबाने फोन पुढे केला. विमावाल्यांनी काल इमारतीच्या ग्रुपवर मॅचचे फोटो टाकलेत. (तो ग्रुप मी म्यूट केलाय.) तीन फोटोंत मी बोर्डामागे आहे. तिन्हींत डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात तोंडावर. टेस्टरबाई म्हणाली, मी काल संध्याकाळीच प्रोग्रॅम बघितला, चार मिनिटं लागली. चूक नोंदवली आहे, दुरुस्ती तुझ्या नावावर.
मी विचारलं, मग शनिवारी का मानलंत? ती म्हणाली, तू म्हणालास म्हणून.
त्यानंतर मी रुमाल काढून नाक पुसलं. हवा बदललीये.
विमावाल्यांकडे आम्ही चौघे गेलो. साहेबाने ऐकून घेतलं, हसला, म्हणाला, फायली लावून झाल्या. फायलींच्या बाईंनी मात्र मला पेपरमिंट दिली. म्हणाल्या, घाबरलं की चघळायची.
येताना ड्रमवाला म्हणाला, एक राहिलं. तुझी केबल स्पीकरला लावलेली नसते हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. विचारलं, मग बोलला का नाहीत. म्हणाला, वाटलं, लावशील.

शनिवार, ६ एप्रिल
सासूबाई आठवड्याने माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, त्या पोरांची खोली तुम्ही घालवलीत, आता आपली बैठकीची खोली द्या. बायको म्हणाली, सोफा कोण हलवणार? मी हलवला. एकट्याने.
चार वाजता तिघे आले. बादली, गिटार, काठ्या, स्पीकर. सासूबाई खुर्चीत, मध्यभागी, पाय स्टुलावर. म्हणाल्या, सुरू करा. मग काठीने स्पीकरच्या मागे पडलेलं केबलचं टोक माझ्या पायापर्यंत ओढून आणलं. म्हणाल्या, जावईबापू, डोळे उघडे ठेवून लावा.
लावलं. आवाज एकवर ठेवला. एक तार छेडली.
दचकलो. मीच. बाकी कुणी नाही.
टेस्टरबाई म्हणाली, स्वर चुकला. ड्रमवाला म्हणाला, पण ऐकू आला.
उद्या आवाज दोनवर नेणार. उद्या नको, उद्या मॅच आहे. गुरुवारी.