तुझा सिनेमा आणि तेलाची बाटली

ता. ९, सोमवार, दुपार

चि. बारक्यास आत्याचा आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघा दुखतो, तो दुखणारच. तुझी तब्येत विचारत नाही, पेपरातल्या फोटोत चांगली गुटगुटीत दिसली.

तुझा सिनेमा काल पाहिला. आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या हॉलमध्ये टीव्हीवर लावला होता. समुपदेशक बाईंना हौस फार. "आपल्या आत्याबाईंच्या भाच्याने लिहिलाय" म्हणून एकतीस पेशंट गोळा केले. मी दाराशी स्टुलावर.

अरे, काय ते! दारू सुटणारा माणूस खाटेला बांधलाय, बोंबलतोय, आणि केसांचा भांग जागच्या जागी! आमच्याकडे कोणी बोंबलत नाही. पहिले चार दिवस हात असे कापतात की शर्टाचं बटण लागत नाही. उलट्या होतात, त्या पुसाव्या लागतात. मग खरं दुखणं सुरू होतं, ते म्हणजे कंटाळा. बादलीवरून भांडणं, संडास धुवायच्या पाळीवरून रुसवे. तू तीन महिने एका गाण्यात उरकलेस. इथे दुपारचे तिनाचे चार होता होत नाहीत.

एक बस ड्रायव्हर आहे, पाचव्यांदा आलाय. तो मधेच ओरडला, "आत्याबाई, या हिरोला संडासला होतं की नाही? मी पहिले आठ दिवस दुसरा विचारच केला नव्हता!" सगळा हॉल हसला. पुढे तुझा तो डॉक्टर चार वाक्यं बोलतो, हिरो रडतो, झाली सुटका. त्यावर आमचे शाळामास्तर म्हणाले, "भाषणाने सुटत असती तर माझी माझ्याच भाषणांनी सुटली असती." चौथी शिकलेल्या मला जे कळतं ते तुला एवढं शिकून कळू नये?

आणि तो रखवालदार! पैसे खाऊन बाटली आत सोडतो म्हणे. कुठे पाहिलास असा? इथे सामान तपासायच्या टेबलावर अकरा वर्षं मी बसतेय. साबण तारेने कापून बघते, बुटातली गादी उचकटते, बाटली म्हणून जी दिसेल ती उघडून हुंगते. मला कोणी आजवर चहासुद्धा पाजला नाही.

असो.

हॉलमध्ये मागच्या ओळीत तुझा बाप पण होता. हो, परत आलाय. तुला कळवायचं नाही म्हणाला, म्हणून कळवलं नाही. सिनेमातला बाप डावा पाय ओढत चालतो ना, ते बघून माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, माझी चाल पोराच्या बरोबर लक्षात आहे गं." एवढंच. शेवटी मुलगा गेटपाशी धावत येतो तेव्हा तो उठून पाणी प्यायला गेला. आज सकाळी बघते तर पिशवी भरून खाटेखाली ठेवलेली. सुटायला अजून तीन दिवस आहेत.

आता नीट वाच. मागच्या खेपेला त्याला तिसऱ्या दिवशीच हाकललं, आत बाटली सापडली म्हणून. तू त्याला गेटवर चारचौघांत म्हणालास, "तुम्हाला सुटायचंच नाही." तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.

ती बाटली माझ्या टेबलावरून गेली होती. डोक्याला लावायच्या तेलाची. मी हातात घेऊन हलवली. तेल काचेला चिकटून राहतं, ते राहिलं नाही. मला दिसलं, बारक्या. मागे रांग होती, मॅनेजर उभे होते, आणि तो माझ्याकडे लहानपणी बघायचा तसा बघत होता. मी बूच न काढता बाटली पिशवीत परत ठेवली. दारू त्यानेच भरली होती, ते पाप त्याचं. पण ती पकडणं माझं काम होतं. त्याने कोणापाशी माझं नाव घेतलं नाही.

या खेपेला त्याची पिशवी मी सगळ्यांसमोर फरशीवर ओतली. बनियनची शिवणसुद्धा उसवली. तो हसला. म्हणाला, "ताई, हे मागच्या वेळीच करायचंस."

आज मॅनेजरना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला टेबलावरून उठवून धुण्याला लावलं. बरोबरच केलं.

गुरुवारी नव्वद दिवस पुरे होतात. सोडताना घरच्या माणसाची सही लागते. इथे नोकरीला असलेल्याची चालत नाही, मग सख्खी बहीण असली तरी. सही मिळाली नाही तर त्याला एकट्याला सोडतील, आणि एकटा सुटलेला माणूस पहिल्या चौकात कुठे वळतो ते मी अकरा वर्षं बघतेय.

अकरा वाजता ये. रागावलेला असशील तर रागावलेलाच ये. गेटपाशी धावूबिवू नकोस, मिठ्या मारू नकोस. सहीची वही आत असते. सही कर, पिशवी उचल, आणि त्याच्या चालीने चाल.

पिशवीत तेल नाही. मी पाहिलंय.

तुझी आत्या,
आजपासून धुलाईघर