बंद करू नये

ता. ४ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कानाचं यंत्र पुन्हा डबीत गेलं म्हणता, म्हणजे फोनवरचं बोलणं संपलंच. माझं अक्षर लावून घ्या. मी शाळेत गेले नाही. यांनी बांधायला आणलेल्या पुस्तकांच्या सुट्या पानांवर वाचायला शिकले आणि लिहायला त्याहून उशिरा, हे तुम्हाला ठाऊक आहे.

एक अडचण आहे. यांचा कॉम्प्युटर अजून चालू आहे. त्या सकाळी छातीत कळ आली म्हणून हे खुर्चीतून उठले, ते दवाखान्यातून परत आले नाहीत. मी एकटीच घरी आले, तर पडद्यावर यांनी लिहायला घेतलेला मजकूर तसाच. पुस्तक कसं हाताळावं, याच्या सूचना वाचनालयाला हव्या होत्या. कोपरा दुमडू नये. पालथं ठेवू नये, पाठ मोडते. जेवताना वाचायचं झाल्यास पान डाव्या हातानं उलटावं. शेवटची ओळ 'पुस्तक दुसऱ्याला देताना' इथवरच, आणि तिच्यापुढे एक बारीक उभी रेघ लुकलुकते आहे.

तेव्हापासून मी कशाला हात लावलेला नाही. 'बंद करू नये' अशी चिठ्ठी कॉम्प्युटरच्या डब्यावर चिकटवली. वाचणारी मी एकटीच, तरी चिकटवली. पडदा तेवढा त्याच्या बटणानं मिटते आणि संध्याकाळी उघडते. डबा घरघरत असतो. पलीकडच्या खोलीत कुणी असल्यासारखं वाटतं.

आता इमारतीतल्या तारा बदलायच्या आहेत. एकवीस तारखेला दिवसभर वीज नाही. टेबलाखालची बॅटरी वीज गेली की चिवचिवते आणि थोडा वेळ तग धरते, दिवसभर नाही. शेजारीण म्हणाली, तिचा जावई दोन मिनिटांत सगळं करून देईल. दोन मिनिटांत करून देणाऱ्यांनीच यांचा पुस्तकं दाबायचा शिकंजा उचलून नेला. मी नको म्हटलं.

तुम्ही ऑफिसात जन्मभर नव्या लोकांना हेच शिकवलंत. यांचं लिहिलेलं जाऊ नये म्हणून काय करायचं, ते मला पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं सांगा. लोभ आहेच, उत्तर येईपर्यंत तो जरा जास्त असू द्या.

तुमची,
धाकटी भावजय

ता. ९ मार्च

चि. वाचणाऱ्या बाईस,
अनेक आशीर्वाद.

इतके दिवस यंत्र चालू, आणि मला आज सांगतेस? रागावले होते. मग घरघरीचं वाचलं आणि राग गेला. धाकटा झोपेतही तसाच घरघरायचा. आई म्हणायची, याला अंगणात नेऊन ठेवा.

नीट लक्ष दे. घरघरतो तो डबा म्हणजे सीपीयू, खरं काम त्यात चालतं. पडदा म्हणजे मॉनिटर, तो नुसता दाखवतो. तू तो मिटलास म्हणून आत काही बिघडत नाही. बटणांची पाटी तो कीबोर्ड. लुकलुकणारी रेघ म्हणजे कर्सर. पुढचं अक्षर कुठे उमटणार एवढंच तो सांगतो. त्यात जीव अडकवू नकोस असं लिहिणार होते, पण नाही लिहीत.

लिहिलेलं दोन ठिकाणी राहतं. रॅम ही धाकट्याच्या कामाच्या टेबलासारखी. पानं सुटी पसरलेली, पंखा लावला की उडाली. वीज गेली की रॅम कोरी. हार्ड डिस्क हे कपाट. वीज असो वा नसो, ठेवलेलं राहतं. टेबलावरचं कपाटात ठेवणं म्हणजे सेव्ह करणं, आणि असा ठेवलेला मजकूर म्हणजे फाइल. त्यानं सेव्ह केलं नसणार. काम पुरं झाल्याशिवाय त्यावर नाव घालायचं नाही, ही त्याची लहानपणापासूनची खोड.

कीबोर्डवर डावीकडे खाली कंट्रोलचं बटण आहे. ते दाबून धरायचं आणि एस दाबायचा. दोन्हींची चित्रं खाली काढली आहेत, तशीच बटणांवर सापडतील. यंत्र नाव विचारेल. ते दिलं की एंटर, उजवीकडचं मोठं बटण. काम दोन मिनिटांचंच आहे ग, पण ती दोन मिनिटं तुझी असू देत.

तुझी थोरली वन्सं, बहिरी झाली तरी मायेला कमी नाही

ता. १३ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

चित्रं जुळली. कंट्रोल सापडला, एसही सापडला. बोट ठेवून बसले आणि उठले. सेव्ह झालं की बंद करायला कारण उरत नाही असं नाही, बंद न करायला कारण उरत नाही. हसू नका.

एक विचारायचं राहिलं. पडद्यावर वरच्या बाजूला दोन वाकडे बाण आहेत. हे लिहीत असताना डावीकडचा बाण सारखा दाबायचे आणि तोंडानं चक् चक् करायचे. तो कशाला असतो?

मी एकटीचं जेवण करते, कमी पडत नाही. काळजी नसावी. पत्र मात्र असावं.

तुमची,
धाकटी भावजय

ता. १६ मार्च

चि. वाचणाऱ्या बाईस,
अनेक आशीर्वाद.

हे तुला सांगावं की नाही, याचा मी दिवसभर विचार केला.

डावा बाण म्हणजे अनडू. शेवटचं केलेलं परत घेणं. पुन्हा दाबला की त्याच्या आधीचं. उजवा बाण रीडू, परत घेतलेलं पुन्हा करणं. धाकट्यानं काय लिहिलं, काय पुसलं, ते सगळं क्रमानं अजून यंत्रात आहे, पण रॅममध्ये. तू सेव्ह करशील ते शेवटचं पान तेवढं कपाटात जाईल. त्यानं ते कसं लिहिलं, हे एकवीस तारखेनंतर कुठेच नसेल.

पाहायचं असेल तर आधी सेव्ह कर. मग माउसनं डावा बाण दाब, सावकाश. पाहून झालं की तितकाच उजवा दाबून परत ये. मधे कीबोर्डला हात लावायचा नाही. एक अक्षर जरी उमटलं तरी परतीची वाट बंद. बंद करायची रीत मागच्या पानावर आहे.

मला इथून ते दिसणार नाही. काय दिसलं ते कळव. पोस्टमनची हाक ऐकू येत नाही, म्हणून दारातच खुर्ची टाकून बसते.

तुझी थोरली वन्सं, वाट पाहण्यात तरबेज

ता. २३ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

वीस तारखेला दुपारी बसले. सेव्ह केलं. नाव यंत्रानंच सुचवलं, यांच्या पहिल्या ओळीचं. मी तेच ठेवलं.

मग कीबोर्ड उचलून पलंगावर ठेवला, तार पुरली तेवढा लांब, आणि डावा बाण दाबला. अर्धी ओळ गेली. पुढे कधी एक शब्द गेला, कधी अख्खी ओळ. चुकलेली अक्षरं आली, सुधारलेली गेली. 'नये'चं 'नका' झालं होतं आणि पुन्हा 'नये', हे कळलं. तुमचा भाऊ एका शब्दावर किती वेळ घालवायचा, ते तुम्ही जाणता. मग डाव्या हाताची ती ओळ गेली आणि तिच्या जागी एक ओळ आली, मी कधी न पाहिलेली. जेवताना पुस्तक वाचू नये.

वन्सं, त्या सकाळी मी समोर बसून खात होते आणि वाचत होते. यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. काय झालं म्हणून मी विचारलं, तर काही नाही म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले.

मी कोऱ्या पानापर्यंत गेले आणि उजव्या बाणानं परत आले. यांनी सगळं माझ्यासमोर पुन्हा लिहिलं, ती ओळ पुसली, दुसरी लिहिली, आणि आधी थांबले तिथेच थांबले. मग तुमच्या रीतीनं बंद केलं. घर फार शांत झालं. दुसऱ्या दिवशी वीज जायची ती गेली, पण तेव्हा ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काल लावून पाहिलं. मजकूर आहे, एक अक्षर हललेलं नाही. कर्सर मात्र अगदी वर, पहिल्या अक्षरापाशी येऊन उभा राहिला. हे कुठे उठले ते आता त्याला माहीत नाही. मला माहीत आहे.

वाचनालयात कागद द्यायचा आहे. शेवटची अर्धी ओळ पुरी करायची की काढायची, ते मी एकटी ठरवणार नाही. तुम्ही इकडे या. तुम्हाला ऐकू येत नाही आणि माझी बोटं कीबोर्डवर अडखळतात. मी पडद्यावर लिहीन, तुम्ही वाचा, सावकाश बोलू.

चिठ्ठी काढली, तिचा चिकट डाग राहिला आहे. आज जेवताना वाचत होते. पान डाव्या हातानं उलटलं. मान वर करून पाहिलं, तर यांची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती. मीच सरकवली होती.

आहे तो लोभ घेऊनच या.

तुमची,
धाकटी भावजय