नऊ सोंगट्यांची भीक

आबा, काल तुमच्या श्राद्धाला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर धाकटे काका म्हणाले, "आमच्या दादानं उभ्या जन्मात कुणाम्होरं हात पसरला न्हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी अशी आपटली की सुनेला वाटलं, माझं तिच्याशीच बिनसलंय. तिच्याशी नव्हे, तुमच्याशी बिनसलंय. पन्नास वर्षं होत आली.

मी तेव्हा सोळा वर्षांची. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर आधी जपानात होत्या. तिकडचा गो नावाचा खेळ त्यांनी आम्हा दहा-बारा मुलींना शिकवला होता. पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून जागा वेढायची. मला त्याचं वेड लागलं होतं. आई पोळ्या लाटायची आणि मी पिठावर बोटानं रेघा ओढून डाव मांडायची. सिस्टरांच्या ओळखीनं तिकडचा एक पट्टीचा खेळाडू, हाच त्याचा पेशा, शनिवार-रविवार आम्हाला शिकवायला आला. शनिवारी जाताना तो म्हणाला, आणि सिस्टरांनी आम्हाला सांगितलं, की उद्या जिचा डाव सगळ्यांत चांगला होईल तिला तो घरी गेल्यावरही पत्रातून शिकवेल. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

रविवारी पालकांना बोलावलं होतं. तुम्ही फेटा बांधून पहिल्या रांगेत बसला आहात. माझी पाळी येते. तो माणूस मला वाकून नमस्कार करतो आणि डाव सुरू होण्याआधीच माझ्या नऊ काळ्या सोंगट्या पटावर मांडतो. त्यांची तशी रीतच आहे. नवख्याला आधी सोंगट्या देतात, म्हणजे दोघांनाही खरं खेळता येतं. तुम्ही ताडकन उठलात.

"ह्ये काय? खेळायच्या आधीच खैरात?"

सिस्टर म्हणाल्या, "खैरात नाही हो, शिकवण्याची पद्धत आहे."

"असंल तुमच्यात. आमच्या तालमीत जोड बघून कुस्ती लावत्यात. माझी पोरगी भीक घेऊन खेळत न्हाय. उचला ती!"

मागून कुणीतरी म्हणालं, "पावणं, खेळू द्या की पोरीला." तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाही. जोड बघून लावतात म्हणता, तर पटासमोर कोण बसलं होतं ते तरी बघायचं! तो जन्मभर हेच करत आलेला, आणि मी वर्षभर शिकलेली. त्यानं सोंगट्या एकेक करून उचलल्या आणि पुन्हा तितकंच वाकून नमस्कार केला. मग बरोबरीनं खेळला, म्हणजे मला सोलून काढलं. अर्ध्या तासात माझे चारही कोपरे वेढले जाऊन मेले. पत्रं माझ्या शेजारी बसणाऱ्या टेलरच्या मुलीला गेली. तिनं नऊ सोंगट्या मुकाट घेतल्या होत्या. पुढे तीन वर्षं ती मला निळी पाकिटं दाखवायची, आणि मी "छान" म्हणायची.

मी पुढे गणित शिकवलं, आबा. कच्च्या मुलीला आधी दोन पायऱ्या फळ्यावर सोडवून द्यायची आणि तिसरी तिच्याकडून करून घ्यायची. एकाही मुलीला ती भीक वाटली नाही. एकीच्या बापाला वाटली, तर त्याला मी वर्गाबाहेर काढलं. शिपाई बघत राहिला. तुमच्यावरचा राग त्या बिचाऱ्यावर निघाला, पण मला अजून त्याचं वाईट वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिते. त्या संध्याकाळी तुम्ही फाटकाबाहेर सायकल धरून उभे होता. सिस्टरांनी मला हॉलमध्ये परत बोलावलं. हॉल रिकामा होता, फक्त तो पटासमोर बसलेला. नऊ सोंगट्या मांडून. सिस्टर म्हणाल्या, "वडील इथे नाहीत. बस, खेळ." मी मान ताठ करून म्हणाले, "आम्ही भीक घेत नाही," आणि चालू लागले. तुमच्या मागे सायकलवर बसून घरी आले. तुम्हाला हे कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर तुम्ही खूश झाला असता, आणि ते सुख मला तुम्हाला द्यायचं नव्हतं.