सुगतच्या फोटोखालची मेणबत्ती

मी, सदू धाकू कासारे, वय ७२, राहणार सारसोळे, नेरूळ, शिक्षण सातवी, रबाळ्याच्या कारखान्यातून निवृत्त. माझे डोके ठिकाणावर आहे. मुलगा सुगत याला शंका आहे म्हणून काल डॉक्टरचा दाखला घेतला, तो सोबत जोडला आहे. कोणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवतो की,

१. राहती खोली सुगत व सून अस्मिता या दोघांची, सारखी. बँकेतली ठेव नात अक्षता हिच्या शिक्षणाला. पान्हे व ड्रिल मशीन शेजारी जोतीरामला. मात्र त्याने नेलेली शिडी आधी परत आणावी.

२. निवृत्तीनंतर मी लोकांच्या जुन्या फोटोंचे व्हिडिओ केले. लग्नाचे, वाढदिवसाचे, गेलेल्यांच्या पुण्यानुमोदनाचे. माझी रीत अशी, की हयात माणूस रंगीत. गेलेला काळा-पांढरा, खाली जळती मेणबत्ती. सोसायटीतल्या सगुणाबाईची बहीण वारली तेव्हा चेहरे सारखे म्हणून मी चुकून सगुणाबाईलाच मेणबत्ती लावली. भर कार्यक्रमात ती म्हणाली, "सदूभाऊ, माझं जेवण तरी होऊ द्या." लोक हसले. नवव्या दिवशी ती वारली.

३. वामनने सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला अडाणी म्हटले होते. खरे-खोटे पाहायला मी त्याच्या फोटोला मुद्दाम मेणबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी भीती वाटून पुसली. तरी तोही नवव्या दिवशी गेला. त्याच्या बायकोची मी माफी मागतो.

४. गेल्या रविवारी अक्षताने वडिलांच्या वाढदिवसाचा व्हिडिओ माझ्या जुन्या व्हिडिओवरून केला. सुगत काळा-पांढरा, खाली मेणबत्ती. "जुन्या सिनेमासारखं दिसतं ना, आजोबा?" तिला हे कधीही सांगू नये. सुगतला मी सगळे सांगितले, तर तो म्हणाला, "बाबा, सगुणाकाकूंना शुगर होती, वामनकाका पंच्याऐंशीचे. एवढा गुण असेल तर आधी मच्छरांचे फोटो लावा." तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला.

५. एका मेणबत्तीला एक माणूस लागतो, असे माझे मत झाले आहे. म्हणून बुधवारी मी त्याच व्हिडिओत सुगतचा फोटो काढून त्या जागी माझा, त्याच्याच वयाचा, लावला. तो कोणी पुसू नये, रंगीत करू नये. कॉम्प्युटरचा पासवर्ड अस्मिताजवळ आहे. सुगतला देऊ नये. तो रडत मागेल, तरी देऊ नये.

आज आठवा दिवस. सकाळी सुगत उठून बसला, चहाबरोबर दोन पाव खाल्ले. मला दुपारपासून थंडी वाजते आहे. सही वाकडी आली तरी माझीच धरावी.

ठिकाण: नेरूळ, नवी मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही: सदू धाकू कासारे

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. संघप्रिया तांबे
२. रणजीत शेलार