वाऱ्याच्या वेळेला सोडलेली नाव

मामा, गेल्या रविवारी जेवताना तुमच्या मुलानं, आमच्या ह्यांनी, तुमची ती गोष्ट पुन्हा सांगितली. ऐकायला तुमचा नातू होता आणि त्याची होणारी बायको होती, पहिल्यांदाच घरी जेवायला आलेली. आमच्या आबांनी एकदा नव्या सुनेला भर वाऱ्यात नाव घेऊन पाठवलं होतं, असं म्हणून ह्यांनी सुरुवात केली, आणि मग तळं, वारा, फुटलेली नाव, सगळं हात हलवून हलवून सांगितलं. पूर्वी ही गोष्ट सांगताना ह्यांना राग यायचा. आता हसू येतं. मुलं हसली, ती पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, बाप रे, तुम्ही कशा वाचलात. मीही हसले आणि तिच्या ताटात भात वाढला. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बाहेर गेल्यावर हे लिहायला बसले. चार दिवस झाले, थोडं थोडं लिहितेय.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासूबाईंना, आत्तींना, मी फोटोतच पाहिलेलं. शाहूपुरीतलं ते वर्कशॉप मालकांनी बंद केलं आणि तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले तुम्ही घरी आलात. हे म्हणाले, आता आराम करा. तुम्ही महिनाभर आराम केलात आणि एक दिवस सांगितलंत की डोंगरातल्या त्या धरणाच्या तळ्यावर बोटिंगचा ठेका घेतोय. घरात कुणालाच ते पटलं नाही. लहानपणी नदीकाठच्या गावात नावेत वाढलो, एवढ्यावर कुणी असला धंदा करतं का, असं ह्यांचं म्हणणं. तुम्ही वाद घातला नाहीत. वल्ह्याच्या चार नावा, हंसाच्या आकाराच्या दोन पायडलच्या बोटी आणि सारखी बिघडणारी एक मोटारबोट घेऊन तुम्ही तिकडे गेलात. उन्हाळ्याचे तीन महिने तुमच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून मला पाठवलं. फाउंड्रीला सुट्टी असेल त्या दिवशी हे यायचे.

मी भाकरी करायला आले होते, आणि आठवड्याभरात नावांत अडकले. शेजारच्या खोलीत तुमचा नावाडी आणि त्याची बायको राहायची. ती म्हणाली, दोन माणसांच्या चार भाकरी मी टाकते, तू जा. मग मी सकाळी नावांतलं पाणी डब्यानं उपसायची, केशरी लाइफ जॅकेटं धुऊन करवंदीच्या जाळ्यांवर वाळत घालायची, येणाऱ्यांची नावं वहीत लिहायची. मे महिन्यात तळ्याचं पाणी दर आठवड्याला हातभर उतरायचं, आणि पिंपांवर तरंगणारा आपला फळ्यांचा धक्का खाली ओढून घ्यावा लागायचा. तुम्ही, नावाडी आणि मी. पदर खोचून मी दोर ओढतेय आणि तुम्ही पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून 'अजून, अजून' म्हणताय, हे मला आत्ता, या टेबलाशी बसूनही ऐकू येतं. माहेरी मुरगूडला मला कुणी विहिरीच्या काठाशीही उभं राहू दिलं नव्हतं.

वल्हं मारायला तुम्हीच शिकवलंत. मी दंडातली ताकद लावायची आणि नाव जागच्या जागी फिरायची. तुम्ही धक्क्यावर बसून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "हातानं न्हाय पोरी, पाठीनं मार. हात निस्ते धरायला हायेत." चौथ्या दिवशी नाव सरळ गेली. तुम्ही शाबासकी दिली नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी मला न विचारता एक नाव माझी म्हणून बाजूला बांधलीत. शेवाळलेल्या फळ्यांवरून मी दोनदा घसरले. माझ्या ओल्या पावलाचा फळीवर उमटलेला ठसा सुतळीनं मोजलात, आणि कोल्हापूरला जाऊन आलात तेव्हा पिशवीत निळे कॅनव्हासचे बूट होते. सासऱ्यासमोर बूट घालायचे कसे म्हणून मी ते दोन दिवस खोलीत ठेवले. तिसऱ्या दिवशी तुम्ही पाठ करून उभे राहिलात आणि म्हणालात, घाल, मी बघत न्हाय.

रागावलातही एकदाच. दोराची गाठ मी सैल मारली आणि रात्रीत एक नाव सुटून पलीकडच्या काठाला लागली. ती आणायला अर्धी सकाळ गेली. तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण नावाड्यादेखत म्हणालात की इथं चुकीला माफी मागून भागत न्हाय, माणसं मरतात. मी खोलीत जाऊन रडले. मग तुम्ही दाराबाहेर उभे राहून मला दोन गोष्टी सांगितल्यात. जॅकेट घातल्याशिवाय कुणी नावेत बसायचं नाही, मग तो कलेक्टर असो. आणि दुपारी तीननंतर खिंडीतून वारं उतरतं, तेव्हा तुम्हाला विचारल्याशिवाय एकही नाव सोडायची नाही. मी आतून हो म्हटलं.

आणि मग तो दिवस. मोटारबोटीच्या इंजिनाचा एक भाग आणायला तुम्ही सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला गेलात. नावाडी आणि त्याची बायको भाचीच्या लग्नाला गेलेली. दुपारचं कुणी फारसं आलं नाही. मी जॅकेटं उलटी करत होते, तेवढ्यात जीपमधून माझा दादा उतरला, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. न कळवता आले होते. मी इतकी हरखले की काय खायला देऊ ते सुचेना. दादानं नावांकडे पाहिलं, माझ्या निळ्या बुटांकडे पाहिलं आणि हसत म्हणाला, "तुला येतंय व्हय गं नाव मारायला? का निस्ती राखण बसलीस?"

एवढंच. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. घड्याळात सव्वातीन झालेले मी पाहिले होते. खिंडीवर ढग होता तोही पाहिला होता. पण लहानपणापासून मला 'तुला काय येतंय' म्हणणारा दादा माझ्यासमोर उभा होता, आणि मला एक गोष्ट येत होती. जॅकेटं ओली होती. वहिनी म्हणाली, नवी साडी आहे, राहू दे. पोरीला तरी घाल, असं मी म्हणाले, दादा म्हणाला, फोटोत बरं दिसत नाही, लांब कुठं जायचंय. मी नाव सोडली.

पहिली दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली फार सुखाची होती. हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे. नाव सरळ चालली होती, दादा गप्प झाला होता, भाची पाण्यात हात घालून खिदळत होती. मी मुद्दाम आणखी आत नेली. मग खिंडीतून वारा आला. आधी लांबवर पाणी काळं झालेलं दिसलं, आणि ते काळं आमच्याकडे सरकत आलं. मी नाव वळवायला घेतली, ती वळेना. पाठीनं मारत होते, मामा, जेवढं शिकवलं होतंत तेवढं सगळं केलं. पण वारा आम्हाला पलीकडच्या काठाकडे लोटत होता, जिथे पाणी उतरून खडक वर आले होते. वहिनी ओरडायला लागली. दादानं एक वल्हं माझ्याकडून ओढून घेतलं आणि ते त्याच्या हातून निसटून गेलं.

चारच्या एसटीनं तुम्ही आलात. वरच्या वळणावरून तुम्हाला नाव दिसली असणार, कारण तुम्ही फाट्याची वाट न बघता मधेच गाडी थांबवून उतरलात, असं नंतर कंडक्टरनं सांगितलं. मला दिसलं ते एवढंच, की एक माणूस उतारावरून पळत येतोय, हातातली पिशवी टाकतोय, नाव पाण्यात लोटतोय. तुम्ही पोचायच्या जरा आधी आमची नाव खडकावर आपटली आणि भाची बाहेर फेकली गेली. मी वल्हं धरून बसले होते. माझे हात उघडलेच नाहीत. तुम्ही तुमच्या नावेतून उडी मारलीत, दोनदा खाली गेलात, आणि दुसऱ्यांदा वर आलात तेव्हा ती तुमच्या खांद्यावर होती, खोकत होती. ती जगली. दोन मुलांची आई आहे आता. तुमचा तो उजवा खांदा मात्र खडकावर घासून जो गेला तो गेलाच. त्यानंतर सदरा घालायला तुम्हाला नेहमी कुणीतरी लागायचं.

दादा त्याच संध्याकाळी पोरीला घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी धरणावरचे साहेब चौकशीला आले. नाव फुटलेली धरणावरच्या कामगारांच्या अख्ख्या वसाहतीनं पाहिली होती. मी चहाचे ग्लास घेऊन दारात उभी होते. साहेबांनी विचारलं, वाऱ्याच्या वेळेला, जॅकेट नसताना, नाव सोडली कुणी? तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. "पोरीला मीच सांगून गेलतो," तुम्ही म्हणालात. "पावणं येतील, जरा फिरवून आण म्हणून. तिची चूक न्हाय. माझा अंदाज चुकला." साहेबांनी लिहून घेतलं. मी ग्लास ठेवले आणि आत गेले. पंधरा दिवसांत ठेका गेला. नावा कुणीतरी घेऊन गेलं. नावाडी निरोप घ्यायला आला तेव्हा त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. त्याला तुमचे नियम माहीत होते.

ह्यांना कळलं तेव्हा ते तुमच्यावर जेवढे रागावले तेवढे मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. "मेली असती की ती, आबा," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. माझ्यावरच्या मायेनं तुम्हाला बोलत होते. मी चुलीपाशी होते. तुम्ही मान खाली घालून बसला होता, आणि मी तव्यावरची भाकरी उलटली. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मग ते वाक्य बोलायची वेळ दर महिन्याला थोडी लांब गेली. तुम्ही घरात बसून राहिलात. संध्याकाळी फिरायला जायचात, पण रंकाळा तळ्याच्या बाजूला कधी गेला नाहीत. उलट्या दिशेला, रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत यायचात. घरातला नळ गळला तरी हे बाहेरचा माणूस बोलवायचे. आबांना नको सांगायला, म्हणायचे.

नातवाच्या जन्मानंतर आपण नृसिंहवाडीला गेलो होतो, ते आठवतं? दर्शन झाल्यावर पलीकडे जायला नावेत बसलो. नावाडी नवशिका होता, दंडानं वल्हं मारत होता. तुमचा उजवा खांदा आपोआप थोडा पुढे आला, आणि तुम्ही माझ्याकडे वाकून हळूच म्हणालात, "हातानं मारतोय बघ." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या चेहऱ्यावर ते तळ्याकाठचं हसू होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "आबा, नावांचं तुम्ही नका बोलू." नावेतली चार अनोळखी माणसं हसली. तुम्ही सरळ बसलात आणि पाण्याकडे बघत राहिलात. बाळ माझ्या मांडीवर होतं. मी त्याचं टोपडं सारखं केलं. तळ्यावर जे केलं त्याला मी निदान अजाणपण म्हणू शकते. त्या नावेतल्या गप्प बसण्याला काय म्हणू?

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एक दुपार अशी होती की खोलीत आपण दोघंच होतो. मी म्हणाले, मामा, त्या दिवशी तळ्यावर. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "ऱ्हाऊ दे गं. कवाच झालं ते." आणि मी राहू दिलं. लगेच. तुम्ही पुढं काही विचाराल की काय, या भीतीनं पाणी आणायला बाहेर गेले. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की पुरं झालं की तुमच्या मुलाला वाचायला देईन. आता वाटतं, बहुतेक देणार नाही. ते आता शांत झालेत, आणि त्यांना भांडायलाही बाप उरलेला नाही. ही पळवाट आहे, मला कळतं.

एक गोष्ट मात्र इथं तरी खरी लिहायला हवी. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की नवी नवरी होते, घाबरले, म्हणून गप्प बसले. तसं नव्हतं. तुम्ही साहेबांना 'माझा अंदाज चुकला' म्हणालात तेव्हा मला भीती वाटली नव्हती. मनात साफ आलं होतं की मामांचं काय, त्यांचं सगळं करून झालंय, ठेका गेला तर घरी बसतील. माझा तर सगळा संसार पुढं आहे. तुम्ही तेव्हा चोपन्न वर्षांचे होता, मामा. मी मागच्या महिन्यात चोपन्न पुरी केली, आणि या सोमवारपासून मोटार चालवायला शिकतेय.