एकच रेघ

प्रिय ठमे,

आज आजोबांचे सदरे आवरले. सुतारकाम सोडून इतकी वर्षं झाली, तरी शिवणींतून लाकडाचा भुसा निघाला. मामा म्हणाला, म्हातारा दुकान अंगावर घेऊनच हिंडायचा. आम्ही दोघंही हसलो.

आजोबा गेले त्याच्या आदल्या दुपारचं मी रोजनिशीत लिहिलं आहे, पण ते स्वतःची समजूत घालण्यासाठी. तुला वेगळं लिहायला हवं. आजोबा होते त्या तुझ्या वॉर्डच्या दाराशी तू मला खुर्चीत बसवून करोनाच्या चाचणीसाठी नाकात काडी फिरवलीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणालीस, लहानपणी नाकात थेंब घालायचीस त्याची फेड. पट्टीवर एकच रेघ उमटली आणि मी पर्स उचलून उभी राहिले. तेव्हा तू विचारलंस, खोकला कधीपासून? मी खरं ते सांगितलं, आज सकाळपासून. मामाचीही एकच रेघ होती, पण तो ठणठणीत. तोंडाला मास्क लावून तो आत निघाला. मला मात्र तू थांबवलंस.

मामा दारातूनच तुझ्यावर घसरला. पट्टीवर विश्वास नाही तर माणसांच्या नाकात काड्या कशाला घालता, म्हणाला. तू आवाज न चढवता समजावलंस. दोन रेघा आल्या तर पट्टी सहसा चुकत नाही. पण खोकणाऱ्या माणसाची, तीही पहिल्याच दिवशी, एक रेघ आली तर एवढंच कळतं की अजून काही सापडलं नाही. दुसरा नमुना लॅबला पाठवतेय, त्याचा अहवाल उद्या येईल, तोवर आत नाही. मामा म्हणाला, अगं, आई आहे ती तुझी. तू म्हणालीस, "म्हणून तर, मामा. हिला सोडलं तर उद्या कुणाला कोणत्या तोंडाने अडवू?" तू दारातून हलली नाहीस. रागाच्या भरातही माझ्या मनात आलं, ही माझी पोर.

मग काचेपलीकडून तू आजोबांच्या कानाला फोन लावलास. त्यांना ऐकू कितपत आलं, कोण जाणे. त्यांनी हात मात्र उचलला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले, आणि दुपारी माझा अहवाल आला. काहीच नव्हतं. साधी सर्दी.

अहवाल उलटा आला असता, तर तुझं कौतुक करणं सोपं होतं. तो असा आला, म्हणून मी स्वतःला खोदून विचारलं: हा अभिमान म्हणजे दुःखावर घातलेलं पांघरूण तर नाही? नाही. दारात उभी असताना तुला जेवढं ठाऊक होतं, तेवढ्यावर तू बरोबर होतीस. दुसऱ्या दिवशी जे कळलं, त्याने आदल्या दिवशीचा निर्णय चूक ठरत नाही. शेजारच्या खाटेवरच्या, धाप लागलेल्या बाई कुणाची तरी आईच होत्या ना? मला बाबांचा हात धरायचा होता. ते राहिलं, आणि ते मला सलत राहणार. पण ते दुःख आहे, तक्रार नाही. तू दोन्हींची गल्लत करू नकोस.

काल मामाने सांगितलं, की तू मेट्रनबाईंकडे वॉर्ड सोडून कचेरीतलं काम मागितलं आहेस, आणि आईला तोंड कसं दाखवू, असं म्हणालीस. तेच कळल्यावर लिहायला बसले. तो अर्ज मागे घे. मेट्रनबाईंना मी सांगावं असं तुला वाटत असेल, तर मी सांगेन, पण तू स्वतः सांगितलेलं मला आवडेल. आणि रविवारी घरी ये. माझ्या मुलीने मला दारात अडवलं, हे मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. लोकांना वाटतं मी गाऱ्हाणं सांगतेय. ते सांत्वन करायला लागतात आणि मी त्यांना मध्येच तोडून पुन्हा पहिल्यापासून सांगते.

तुझ्या नावाने भाव खाणारी,
तुझीच आई